तोच की दुसरा?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या घरी चवथीच्या माटोळीची गडबड सुरू झाली की एखाद्या सकाळी आजी न्हाणीमागच्या पाटाकडे बोट दाखवायची. "बघ गो, आला आमचा परीट." ओल्या दगडावर शेपटी खालीवर हलवत करडा धोबी नावाचा पक्षी उभा असायचा, पोटाला पिवळाधमक. शिगम्यानंतर कधीतरी तो दिसेनासा व्हायचा. मी विचारायची, "तोच कशावरून? दुसरा असेल." आजी म्हणायची, "दुसऱ्याला आमचा दगड कसा ठाऊक?"

हा प्रश्न सोडवायची सर्वांत साधी रीत म्हणजे पक्ष्याच्या पायात वाळा घालणं. पक्षीअभ्यासक त्याला रिंग म्हणतात. 1899 साली डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तरांनी मैनेच्या कुळातल्या 165 पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमच्या रिंगा घातल्या. प्रत्येक रिंगेवर आकडा आणि पत्ता. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं ते 1959 मध्ये, डॉ. सालिम अलींच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. त्यामागचं कारण ऐकून सत्तरी तालुक्यातले श्रोते कान टवकारतील. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकात शिमोग्याकडे माकडताप सापडला होता. रशियाकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तर तो आला नसेल, अशी शंका शास्त्रज्ञांना होती. आज आपल्याला माहीत आहे की हा ताप पसरतो तो इथल्याच रानातल्या गोचिडींमुळे. पण त्या शंकेपोटी हजारो पक्ष्यांना आकडे मिळाले.

मी हे काम जवळून पाहिलं ते तमिळनाडूत, कोडिक्कराईला. इंग्रज त्या ठिकाणाला पॉइंट कॅलिमेअर म्हणत. ऑक्टोबर महिना होता. उजाडायच्या आत जाळी उघडायची. काळ्या, केसासारख्या बारीक धाग्याचं जाळं झुडपांसमोर उभं केलं की दोन पावलांवरूनही दिसत नाही. पक्षी येऊन थडकतो आणि जाळ्याच्याच सैल झोळीत अलगद पडतो. दर अर्ध्या तासाने फेरी मारायची. ऊन तापलं किंवा पाऊस आला की जाळी मिटायची, मग कितीही पक्षी येत असोत. हा नियम मला फार आवडला. पक्ष्याच्या जिवापुढे वहीतली नोंद मोठी नाही.

पक्षी सोडवायला शिकवलं एका बिहारी चाचांनी. ते मीरशिकार समाजातले. पक्षी धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि तेच कसब आता अभ्यासाच्या कामी येत होतं. "ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने काढायचा, आधी पाय," एवढंच ते सांगायचे.

माझ्या हातात पहिला आला तो बोरू वटवट्या. मातकट तपकिरी रंग, डोळ्यावर फिकट भुवई, नजरेत भरावं असं काहीच नाही. त्याची मान माझ्या पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली. वजन अकरा ग्रॅम, म्हणजे रुपयाची तीन नाणी. काळजाचे ठोके मोजता येत नव्हते, नुसती थरथर लागत होती. गळ्याखाली फुंकर घातली की पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखालचा खळगा दिसतो. त्यात पिवळसर चरबी असते, ही त्याची शिदोरी. खळगा भरलेला असेल तर पक्षी पुढच्या प्रवासाच्या तयारीत आहे असं समजायचं. याचा खळगा रिकामा होता. फिनलंडपासून मध्य आशियापर्यंत कुठल्या तरी झुडपात जन्मलेला हा जीव रात्रीमागून रात्र उडत, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने इथवर पोचला होता. यंदाचीच पिल्लं हा प्रवास आईबापांशिवाय करतात. पंखाची लांबी मोजली, दोन-तीन तांदळांच्या वजनाची रिंग चिमट्याने पायावर मिटवली आणि मूठ उघडली. तो क्षणभर तळहातावर तसाच बसून राहिला, मग उडाला.

हाच वटवट्या दसऱ्याच्या सुमारास आपल्या गोव्यातही असतो. करमळीच्या तळ्यावर आपण बदकं बघायला जातो, चोडणच्या खारफुटीत खंड्या शोधतो. हा मात्र कुळागराच्या कुंपणात दिवसभर "चक्, चक्" करत असतो आणि कोणी मान वळवून बघत नाही. दक्षिण भारतातल्या रानांत त्याच्या नात्यातल्या हिरवट पर्ण वटवट्यांना रंगीत रिंगा घातल्या, तेव्हा तेच पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच झाडांवर सापडले. हजारो किलोमीटर जाऊन आले ते नेमक्या ओळखीच्या झाडावर! आजीच्या परिटाच्या पायात रिंग नव्हती, त्यामुळे तिचं म्हणणं सिद्ध करता येणार नाही. पण मी आता तिच्याशी वाद घातला नसता. आणि भाट, म्हणजे माडांची बाग, साफ करताना कडेची झुडपांची एखादी जाळी, घाणेरीची का असेना, मी मुद्दाम राखते. आपल्याला ते रान वाटतं, पण वटवट्याचं सहा महिन्यांचं घर तिथेच असतं.

एक विनंती. स्वतः जाळी लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय पक्षी धरणं गुन्हा आहे. पण खिडकीच्या काचेवर आपटलेला किंवा मांजराने आणलेला पक्षी हाती आला तर त्याचे पाय जरूर बघा. एवढ्याशा वटवट्यांच्या शंभर रिंगांमागे एकीचीही खबर परत येत नाही, म्हणून ती एक मोलाची. पक्षी जिवंत असेल तर रिंग काढू नका. आकडा आणि अक्षरं उतरून घ्या, फोटो काढा, पक्ष्याला सावलीत शांत ठेवून सोडा आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा. तारीख, गाव आणि वाडा लिहा. रिंग डाव्या पायात होती की उजव्या, तेही लिहा.

नमस्कार.