दंडगोलामागे काय घडतं: ३९०० या आकड्याची गोष्ट

मित्रहो, एक सेंटिमीटर जाडीची गुळगुळीत सळई ताशी २१ किलोमीटरच्या वाऱ्यात आडवी धरली, तर तिच्याभोवतीच्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले जाडी, भागिले हवेची चिकटता) ३९०० च्या जवळपास येतो. सळईच्या मागे एक भोवरा वरून, एक खालून, असे आळीपाळीने सुटत राहतात. सेकंदाला सुमारे १२० जोड्या! टर्ब्युलन्सचं, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या संक्षुब्ध प्रवाहाचं गणित संगणकावर करणाऱ्यांनी गेली तीस वर्षं आपापले प्रोग्रॅम ज्यावर पारखून घेतले, तो हाच प्रवाह.

गणित करण्याची हौस त्याहून जुनी आहे. जपानमध्ये कावागुती या संशोधकांनी १९५३ साली रेनॉल्ड्स अंक ४० साठी सळईभोवतीच्या प्रवाहाचं उत्तर काढलं, तेही हाताशी फक्त यांत्रिक गणनयंत्र असताना. आठवड्याला वीस तास, असं दीड वर्ष. ४० ला भोवरे अजून सुटतही नाहीत. ते सुटू लागतात ४७ च्या सुमारास. या चिकाटीपुढे मला नेहमीच नतमस्तक व्हावंसं वाटतं.

आता ३९०० ला नेमकं अवघड काय आहे ते बघू. सळईला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, इथे अगदी शिस्तीत वाहतो. समोरच्या बिंदूपासून साधारण ८७ अंशांवर तो पृष्ठभाग सोडतो, तेव्हाही शांतच असतो. सुटलेला हा थर थोडं अंतर तसाच सरळ जातो, मग थरथरू लागतो आणि पुढे फुटून संक्षुब्ध होतो. सगळी गोम या फुटण्याच्या जागेत आहे. थर लवकर फुटला की मागचा उलट्या प्रवाहाचा पट्टा आखूड होतो, उशिरा फुटला की लांबतो.

१९९३ मध्ये लोरेन्सो आणि शी यांच्या मोजमापात हा पट्टा व्यासाच्या सुमारे १.२ पट भरला, आणि सळईच्या लगेच मागे वेगाचा आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसला. पुढे स्टॅनफर्डमध्ये क्रावचेन्को आणि मोईन यांनी लार्ज एडी सिम्युलेशन केलं (२०००), म्हणजे मोठे भोवरे प्रत्यक्ष गणून लहानांसाठी मॉडेल वापरलं. मेश, म्हणजे गणितासाठी जागेचे पाडलेले चौकटींचे जाळे, नीट बारीक होती तेव्हा आलेख यू सारखा आला. सळईच्या लांबीच्या दिशेने मेश विरळ केली, तर थर वेळेआधीच फुटला, पट्टा आखूड झाला आणि उत्तर प्रयोगाशी छान जुळलं!

इथे जरा थांबा. वाईट मेश प्रयोगाशी जुळत होती आणि चांगली जुळत नव्हती. तरी त्यांनी बारीक मेश सोडली नाही. प्रयोगातच बाहेरच्या क्षोभामुळे थर लवकर फुटला असावा, असं म्हटलं. २००८ मध्ये पार्नोदो आणि सहकाऱ्यांनी प्रयोग आणि सिम्युलेशन दोन्ही नव्याने केलं. दोन्हींत यू आला, पट्टा दीड व्यासाच्या आसपास. मला वाटतं, आमच्या क्षेत्रात धैर्य म्हणावं ते हे.

म्हणून तुमच्यापैकी कोणी ही केस चालवणार असेल, तर स्ट्रोहल अंक (भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) ०.२१ आला म्हणून खूश होऊ नका. कच्च्या गणितातूनसुद्धा तो बराच बरोबर निघतो. द्विमितीय गणित तर मुळीच नको. त्यात भोवरे फुटायला तिसरी दिशाच मिळत नाही, ते फार ताकदीने सळईला लगटून सुटतात आणि गणित ड्रॅग, म्हणजे वाऱ्याची सळईवरची ओढ, खऱ्याच्या दीडपटीहून जास्त दाखवतं. लांबीच्या दिशेने निदान तीन व्यास घ्या. सरासरी काढायला घाई करू नका, कारण उलट्या प्रवाहाचा पट्टा स्वतःच सावकाश लांबत-आखडत असतो. भोवरे सुटण्याच्या मोजक्या फेऱ्यांची सरासरी नशिबावर अवलंबून राहते. आणि पहिला आलेख काढा तो सळईमागच्या मध्यरेषेवरच्या वेगाचा. ड्रॅगचा नंतर.

रेनॉल्ड्स अंक तीन लाखांच्या पुढे गेला की मात्र चित्रच पालटतं. तिथे सीमास्तर पृष्ठभागावर असतानाच संक्षुब्ध होतो, अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो आणि ड्रॅग गुणांक १.२ वरून ०.३ च्या आसपास कोसळतो. सरासरी समीकरणांची (भोवरे न गणता फक्त सरासरी प्रवाह काढणारी) नेहमीची मॉडेलं सीमास्तर सुरुवातीपासूनच संक्षुब्ध धरतात, त्यामुळे एक लाखालाच हा कमी झालेला ड्रॅग दाखवून मोकळी होतात. कारखान्याच्या उंच चिमणीचा रेनॉल्ड्स अंक तर कोटीत जातो. तिथे भिंतीलगतचा प्रत्येक भोवरा मेशमध्ये पकडणं आजच्या संगणकांनाही परवडत नाही. भिंतीजवळ मॉडेल घ्यावंच लागतं, आणि ३९०० ला पारखलेलं मॉडेल तिथे चालेलच याची हमी नसते.