तीन मिनिटांचं गाणं

[दृश्य: पुण्याचा जुना बाजार, रविवारची सकाळ]

पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कर्ण्याचा एखादा तरी ग्रामोफोन हमखास दिसतो. उन्हात लखलखतो, लोक थांबून फोटो काढतात. वर्षभरापूर्वी जुन्या रेकॉर्डींचा हा नाद लागला तेव्हा माझीही नजर आधी त्या कर्ण्यावरच जायची. आता मी थेट शेजारच्या गोणपाटावर बसते, काळ्या तबकड्यांच्या चळतीपाशी.

बाजारातली ही झगमगती यंत्रं बरीचशी अलीकडची जुळवाजुळव असते. नवं खोकं, नवा कर्णा, वर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या कुत्र्याचा बिल्ला आणि आत कुठल्या तरी जुन्या पेटीतली मोटर. दिवाणखान्यात ठेवायला ठीक आहे. पण यंत्र घ्यायचंच असेल तर कर्ण्याकडे बघू नका. चावी भरा, तबकडी लावा आणि वेग शेवटपर्यंत टिकतो का, ते कान देऊन ऐका.

[दृश्य: साउंडबॉक्समध्ये पिन बसवणारी बोटं]

ही पोलादी पिन, तबकडीच्या खाचेतून फिरत आवाज उचलणारी. ती ज्यात बसते तो साउंडबॉक्स. एक बाजू वाजली की ती टाकून द्यायची, नवी लावायची. तबकडीच्या मिश्रणातच दगडाची बारीक भुकटी असते. ती पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीच झिजलेली पिन पुन्हा लावली, की मग ती खाच कुरतडायला लागते. चार पैशांच्या पिनेची काटकसर करून किती आवाज आपण कायमचे घालवले असतील!

ही भुकटी धरून ठेवते ती लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये भिजवतात तो चपडा म्हणजे हीच लाख. म्हणून जुनी रेकॉर्ड कधीही स्पिरिटने पुसू नये. आवाजच विरघळतो.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आला. गायिका गौहर जान त्याच्या कर्ण्यात गायल्या आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून थांबल्या, कारण रेकॉर्डी छापल्या जाणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि गाणं कुणाचं ते तिथे कळायला हवं होतं. लाख इथली, गळा इथला आणि तबकडी सातासमुद्रापलीकडून बोटीने येणार. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा हा फेरा संपला.

[दृश्य: फिरती तबकडी, जवळून]

या वर्षात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वेगाने. आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांचं बंधन नव्हतं. कुणी सत्तरीच्या आसपास मुद्रण केलं, कुणी ऐंशीच्या वर. ७८ ची रेकॉर्ड ८३ ने फिरवली, तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर जातो. लय चढते, आवाज बारीक होतो आणि आपण म्हणतो, ‘तेव्हाचे लोक असेच गायचे!’ नाही हो, असे नव्हते गात. मी हार्मोनियम शेजारी घेऊन बसते. वेग थोडा थोडा कमी करत नेला, की एका ठिकाणी गळ्यातला ताण जातो आणि माणूस गायला लागतो. त्या क्षणासाठी मी तासभर खुशाल घालवते.

दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. बालगंधर्वांचं पद रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत किती लांबायचं, हे आपण आजोबांच्या पिढीकडून ऐकलंय. तेच पद तीन मिनिटांत मांडायचं, तर ठेवायचं काय आणि सोडायचं काय? अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ऐका. कुठे घाई नाही. तीन मिनिटं अपुरी होती, असं मला आता वाटत नाही.

आणि मग आठवतात ते आवाज, जे कुठल्याच बाजारात मिळणार नाहीत. संगीत नाटकांतले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, गैसबर्ग आला त्याच्या आदल्याच वर्षी. ज्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावलं, त्याचा एक सूरही उरला नाही. गायक भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, ध्वनिमुद्रण जोरात सुरू होतं, तरी त्यांची रेकॉर्ड नाही. बुवा ऐकायचे तर शिष्यांच्या गाण्यात, मास्तर कृष्णरावांच्या तबकडीत शोधायचे. म्हणून ओरखडे पडलेली, कडेला टवका उडालेली रेकॉर्डसुद्धा मी परत ठेवत नाही. तिची दुसरी प्रत कुठे असेलच, याची खात्री कोण देणार?

[दृश्य: लेबल आणि त्याभोवतीची कोरी पट्टी]

तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील, तर रद्दीत देण्याआधी लेबलावरचा क्रमांक आणि त्याभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे लिहून घ्या. नेमकं कुठलं ध्वनिमुद्रण आहे, ते या आकड्यांवरून शोधता येतं. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने अशा नोंदींचं मोठं काम केलंय. धूळ मऊ, ओलसर कापडाने खाचेच्या दिशेने पुसा आणि लेबल भिजू देऊ नका. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. आणि त्यात एखादं अनोळखी नाव दिसलं, तर ती बाजू आधी ऐका.