डॉक्टरांना न दिसणारा तिसरा दिवस

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, क्रॉनिक फटिग सिंड्रोम या माझ्या आजाराबद्दल आणि तो घेऊन डॉक्टरांकडं कसं जावं याबद्दल मी आज बसून बोलणार आहे. सव्वीस वर्षं मी हायस्कूलला भूगोल शिकवला, तो उभं राहून, फळ्यावर नकाशे काढत. आता दहा मिनिटं उभी राहिले की छातीत धडधडायला लागतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात माझ्या डोक्यातून निघून जाते. संयोजकांनी खुर्ची दिली, पंचवीस मिनिटांत संपवायला परवानगी दिली, त्यांचे आभार. आजच्यासाठी म्हणून मी काल दिवसभर आडवी होते. त्यामुळं आज मी तुम्हाला चांगली ठणठणीत दिसत असेन. डॉक्टरांनाही मी अशीच दिसायचे, आणि तिथंच सगळा घोळ व्हायचा.

२०१७ च्या पावसाळ्यात परभणीत मला डेंग्यू झाला. प्लेटलेट घसरल्या, सलाईन लागलं, नवव्या दिवशी घरी आले. ताप गेला. त्याच्या मागं अंगातलं त्राणही गेलं, ते काही परतलं नाही. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले, डिंकाचे केले. महिना गेला, दोन गेले. रात्रभर झोपावं आणि सकाळी उठताना वाटावं, की रात्रभर कुणीतरी आपल्याला राबवून घेतलंय. उदगीरची माझी मोठी बहीण भेटायला आली. पायथ्याशी बसून मायेनंच म्हणाली, "दिसायला तर चांगली दिसूलालीस की गं, मग झालंय तरी काय?" मला उत्तर देता येईना. मला होतं ते "थकवा" या शब्दात मावत नव्हतं. थकवा आपण सगळेच ओळखतो; शेतातून आलं, भाकर खाल्ली, अंग टाकलं, की सकाळी तो गेलेला असतो. हा जात नव्हता.

आमच्या घरच्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स दिलं, मग ताकदीच्या दोन बाटल्या लावल्या. आपल्याकडं अशक्तपणाला सलाईन हे ठरलेलंच आहे. लोक स्वतः मागतात. त्या बाटलीत मीठपाणी असतं, साखर असते, वर टोचलेली जीवनसत्त्वं असतात. अंगात पाणी कमी पडलेल्या माणसाला त्यानं तासभर बरं वाटतं. मलाही वाटलं. पुढं काहीच झालं नाही. शेवटी सगळे म्हणाले, मोठ्या डॉक्टरला दाखवा.

तर आम्ही तपोवन एक्सप्रेसनं मोठ्या शहरात गेलो. खाजगी रुग्णालय होतं. नाव सांगत नाही, कारण हे कुठंही घडलं असतं. धडधड होते म्हटल्यावर त्यांनी मला ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. त्या दिवशी मी सगळा जीव एकवटला होता. इतक्या लांब आलोय, पैसे भरलेत, मुलानं रजा टाकलीय, मग मी नीट चालले. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "ताई, हृदय उत्तम आहे. मन रमवा, रोज सकाळी फिरायला जा, दर आठवड्याला थोडं वाढवा." ते वाईट वागले नाहीत. त्यांच्यासमोर जी बाई होती ती खरोखरच चालली होती.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा घसा दुखत होता, अंग कणकणत होतं. तिसऱ्या दिवशी मला केसांतून कंगवा फिरवता आला नाही. सुनेनं चमच्यानं पेज भरवली. पडद्याच्या फटीतून येणारा उजेड सहन होईना, भांड्याचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा लागे. ओसरीवर येऊन बसायला मला एकोणीस दिवस लागले. ते एकोणीस दिवस कुठल्याच डॉक्टरनं पाहिले नाहीत. माझ्या फाईलमध्ये त्यांची एक ओळही नाही. तिथं आहे तो नॉर्मल रिपोर्ट.

या आजाराला क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात. त्याचं जुनं नाव मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. दोन्ही मिळून एमई-सीएफएस. याची मुख्य खूण थकवा नाही. केलेल्या श्रमाची भरपाई शरीर एक-दोन दिवसांनी वसूल करतं, आणि केलेल्या कामाच्या मानानं ती वसुली फार मोठी असते, ही त्याची खूण. ते श्रम अंगाचेच असावे लागत नाहीत. पेपर तपासणं, लग्नात दोन तास बोलत बसणं, एवढंही पुरतं. संशोधकांनी हे मोजायची रीत शोधली: श्वास मोजणारा मुखवटा लावून रुग्णाला सायकल चालवायला लावायची, आणि चोवीस तासांनी पुन्हा तीच चाचणी घ्यायची. नुसत्या बैठ्या सवयीच्या माणसाचे दोन्ही दिवसांचे आकडे साधारण सारखे येतात. या आजारातल्या अनेक रुग्णांचे दुसऱ्या दिवशी घसरतात. म्हणजे पहिल्याच दिवशी तपासून सोडून दिलं, तर आजार हातातून निसटतो. माझ्या बाबतीत तेच झालं. पण ही चाचणी करून घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. त्या परीक्षेनंच माणूस खाटेला खिळू शकतो.

आता थोडा इतिहास सांगते, कारण "हे मनाचं आहे" हे वाक्य कुठून आलं ते समजायला हवं. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात साथ आली. २९२ कर्मचारी आजारी पडले, त्यांत परिचारिका पुष्कळ. पुढच्या वर्षी त्या आजाराला मघाशी सांगितलेलं ते जुनं नाव मिळालं. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला. आणि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं वाचून, त्या रुग्णांपैकी कुणालाही न तपासता, लिहिलं की ही सामूहिक हिस्टेरियाची साथ होती. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हेही त्यांनी पुरावा म्हणून मांडलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. परभणीत बसलेल्या माझ्यापर्यंत ते वाक्य पोचायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, पण पोचलं.

दुसरी एक गोष्ट मला आधार देऊन गेली. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाच्या परिसरात वेगवेगळे संसर्गाचे ताप आलेल्या २५३ लोकांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. सहा महिन्यांनी त्यांतले २८ जण या आजाराच्या निकषांत बसत होते. कोण आजारी राहणार हे कशावरून कळलं? स्वभावावरून नाही, आधीच्या मानसिक त्रासावरूनही नाही. सुरुवातीचा ताप ज्याचा जास्त जोराचा, त्याचा धोका जास्त. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यातला एक ताप रॉस रिव्हर विषाणूचा होता, आणि तो चिकुनगुनियाच्याच कुळातला. २००६ आठवतंय का? आपल्या मराठवाड्यात त्याच साली घरंच्या घरं चिकुनगुनियानं वाकली होती. त्यानंतर वर्षानुवर्षं "तेव्हापासून काही खरं नाही बघा" म्हणणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यांतल्या बऱ्याच जणांना सांधेदुखी राहिली असेल. पण सगळ्यांना तेवढंच होतं का, हे कुणी विचारलं नाही.

मग खाजगी तज्ज्ञाकडं जावं की नाही? जावं. पण कोणाकडं, हा पहिला प्रश्न. या आजाराचा वेगळा तज्ज्ञ आपल्या आठही जिल्ह्यांत मला सापडला नाही. हृदयवाला हृदय बघतो, मेंदूवाला एमआरआय काढतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. माझं मत असं, की आधी एक चांगला एमडी फिजिशियन धरावा, सावकाश ऐकून घेणारा, आणि त्याला बदलू नये. कारण आधी बाकीचं वगळावं लागतं. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय निघाला. म्हणजे थकलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघायचं. थायरॉईड, साखर, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व, यकृत, मूत्रपिंड, सूज दाखवणारी ईएसआर-सीआरपी; एवढं जिल्ह्याच्या गावी होतं. वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, खोकला असेल, तर टीबीची तपासणी आधी. ही नावं घेऊन घरी बसू नका. आणि हजारो रुपयांच्या फुल बॉडी पॅकेजच्या मागं लागू नका. एमई-सीएफएस रक्तात दाखवणारी मान्यताप्राप्त तपासणी अजून नाही. तो लक्षणांवरून ओळखायचा असतो. अमेरिकेच्या २०१५ च्या निकषांप्रमाणं सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची ताकद ठळकपणे घटलेली असणं, श्रमानंतरचा बिघाड, ताजंतवानं न करणारी झोप, आणि यांच्या जोडीला विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, यांतलं कमीत कमी एक.

उदासीनतेचा आजार वेगळा, तोही खरा आणि बरा होणारा. मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला लाजू नये. झोपेसाठी मला त्यांचाच उपयोग झाला. पण त्यांनीच मला फरक सांगितला: उदासीनतेत बहुतेकदा काही करावंसं वाटत नाही, तुम्हाला पुष्कळ करावंसं वाटतं, शरीर ते करू देत नाही.

मला वाट सापडली ती लातूरच्या एका फिजिशियनकडं. त्यांनी यंत्र वापरलं नाही. मला पाच मिनिटं निजवलं, नाडी मोजली. मग भिंतीला पाठ टेकवून दहा मिनिटं उभं केलं आणि दर मिनिटाला नाडी लिहिली. पडून ७४ होती, आठव्या मिनिटाला ११२ झाली. मोठ्या माणसात दहा मिनिटांच्या आत तिसाहून जास्त ठोके वाढले आणि रक्तदाब पडला नाही, तर त्याकडं लक्ष द्यावं लागतं. मीठ, पाणी, पायांत घट्ट मोजे, आणि एक गोळी, यानं माझं उभं राहणं थोडं सुधारलं. पण त्यांनी निघताना जे सांगितलं ते त्याहून मोठं होतं. म्हणाले, "बाई, आज तुम्ही इथवर आलात, म्हणजे आजचा दिवस चांगला आहे. परवा कशा आहात ते मला कळवा." तिसऱ्या दिवशी मुलानं फोन केला, आणि डॉक्टरांनी ऐकलेलं सगळं माझ्या केसपेपरवर लिहून ठेवलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझा तिसरा दिवस कागदावर आला.

सगळेच डॉक्टर असं विचारणार नाहीत. तेव्हा तिसरा दिवस आपणच न्यायचा. मी दोनशे पानी वही केली. चार रकाने: काय केलं, त्या दिवशी कसं होतं, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. महिन्यानं त्यातलं एक पान डॉक्टरांसाठी वेगळं काढलं. दहा वर्षांच्या रिपोर्टांची पिशवी टेबलावर ओतली तर डॉक्टर गांगरतात. एक पान ते वाचतात. "लई कमजोरी आहे" असं सांगू नका. "पूर्वी दोन घागरी आणायचे, आता एक तांब्या आणला की निजावं लागतं" असं सांगा. बरोबर घरचं माणूस असू द्या, कारण विचारलं की आपण "बरी आहे" म्हणून जातो, ते अंगवळणीच पडलंय. बाकड्यावर दोन तास ताटकळू नका, नंबर लावून गाडीत पडून राहा. पुढच्या खेपा फोनवर किंवा व्हिडिओवर होतील का, हे विचारा. मार्च २०२० पासून आपल्या देशात त्याला रीतसर नियमावली आहे. आणि आपली कागदपत्रं मागून घ्या. रुग्णानं नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा नियम २००२ पासून आहे. "फाईल इथंच राहते" हे उत्तर नाही.

चालण्याचं काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. दर आठवड्याला थोडं वाढवत न्या, हा सल्ला मोठ्या ठिकाणाहून आला होता. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली, आणि जगभरचे डॉक्टर तेच सांगू लागले. पुढं त्या चाचणीच्या पद्धतीवर कडक टीका झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच देशाच्या, उपचार कसे द्यावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेनं नवी मार्गदर्शिका काढली आणि ठरावीक वाढीचा व्यायाम या आजारावर उपचार म्हणून देऊ नये असं सांगितलं. आपल्या डॉक्टरांना हे माहीत नसलं तर वाद घालू नका. ते पान छापून न्या, "साहेब, एकदा बघाल का" म्हणा. माझ्या अनुभवानं तरुण डॉक्टर बघतात.

त्याऐवजी करायचं काय, ते मला माझ्या मोठ्या दिरांनी सांगितलं, नकळत. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला तासभराचं पाणी असतं. तासाला मोटर बंद करायची आणि पाझर भरायची वाट बघायची. लोभानं अजून दहा मिनिटं चालवली तर मोटर कोरडी पडते आणि जळते. मी तशीच जगते. वीस मिनिटं बसून काम, मग अंधाऱ्या खोलीत आडवं. याला औषध अजून नाही, माझा आजार बरा झालेला नाही. पण एकोणीस दिवसांचं खाटेवर पडणं गेल्या दोन वर्षांत आलेलं नाही.

मला रजा होती, पेन्शन आहे, सून चांगली आहे. बीडच्या ऊसतोडीच्या बाईला यातलं काय आहे? एक दिवस फडात गेली नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. तिचा ताप उतरला की दुसऱ्या दिवशी कोयता हातात. तिला हा आजार झाला तर त्याचं नाव आळस पडतं, आणि ते नाव कुठल्या तज्ज्ञाकडं जाऊन पुसायलाही तिच्याजवळ भाडं नसतं. इथं वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिकणारी मुलं समोर बसली आहेत. मुलांनो, थकलेली बाई ओपीडीत आली आणि रिपोर्ट नॉर्मल निघाले, तर तिला एक प्रश्न जास्त विचारा: काम केल्यावर तिसऱ्या दिवशी काय होतं? त्याला पैसे पडत नाहीत.

माझी वेळ झाली. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, मी घरी निजून उत्तरं सांगेन, मुलगा लिहून पाठवेल. उत्तर यायला आठवडा लागला तर रागावू नका. गाडीत वही आहे. आजच्या ओळीत सकाळीच लिहून ठेवलंय: अंबाजोगाई, पंचवीस मिनिटं, बसून. पुढचे तीन रकाने अजून कोरे आहेत.