लिंबाचं आम्ल, यकृतातली गाठ

(सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी)

हा यकृताचा तुकडा. उजवीकडे गुलाबी पेशी दाटीवाटीनं बसल्यात. डावीकडे पांढरी गोल भोकं दिसतात, तिथं चरबीचे थेंब होते. काचपट्टी तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळली, जागा तेवढी उरली.

डावीकडची ही गाठ म्हणजे हेपॅटोसेल्युलर अॅडिनोमा. कॅन्सर नव्हे. बहुतेकदा बायकांमध्ये सापडते. गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचं नातं १९७३ पासून डॉक्टरांना ठाऊक आहे.

पण शेजारच्या यकृतात चरबी नाही आणि गाठीत इतकी, हे कसं? गाठ ती स्वतःच बनवते. कच्चा माल सायट्रेट, म्हणजे लिंबाला आंबट करणारं तेच सायट्रिक आम्ल.

(जुनी प्रयोगशाळा)

१९३७, शेफील्ड. हान्स क्रेब्ज आणि विल्यम जॉन्सन कबुतराच्या छातीच्या स्नायूचा लगदा तपासत होते. थोडंसं सायट्रेट घातलं की लगदा ऑक्सिजन भराभर ओढी, तेवढं सायट्रेट जाळायला लागेल त्याहून किती तरी जास्त. सायट्रेट वापरलं जात होतं आणि पुन्हा तयारही होत होतं. दहावीला आपण घोकलेलं क्रेब्ज चक्र ते हेच.

या चक्रातून सायट्रेटला एक आडवाट आहे. ते तंतुकणिकेतून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातून, बाहेर पडतं, एटीपी सायट्रेट लायेज हे विकर त्याचे दोन तुकडे करतं. त्यातला एक तुकडा दोन कार्बनचा, असेटिल को-एन्झाइम ए. असे आठ जोडले की सोळा कार्बनचं पामिटिक आम्ल: चरबी.

निरोगी यकृतात एचएनएफ-१-अल्फा हे जनुक या कामावर वचक ठेवतं. २००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की अनेक अॅडिनोमांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात. मग लायेजसकट चरबी घडवणारी विकरं वाढतात.

(एमआरआयची दोन चित्रं)

या चरबीचा रुग्णाला मोठा उपयोग होतो. दुसऱ्या चित्रात चरबी आणि पाण्याचे संदेश एकमेकांना खोडतात, गाठ काळवंडते. पुष्कळदा सुई न टोचताच अॅडिनोमाचा हा चरबीवाला प्रकार ओळखू येतो, आणि हा प्रकार क्वचितच कॅन्सरकडे वळतो. गाठ पाच सेंटिमीटरच्या वर गेली तर रक्तस्रावाची भीती असते, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. लहान असली तर डॉक्टर गोळ्या बंद करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा एमआरआयला बोलावतात.