डावी कड

(दृश्य : जिन्याखाली उभी काळी सायकल. अजून उजाडायचंय. एक अंगठा टायर दाबून पाहतो.)

सायकल बाहेर काढायच्या आधी मी दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघतो. मागचं जरा जास्त वेळ, सगळा भार त्याच्यावर असतो.

मी पुण्यात वारज्यात राहतो. अप्पा बळवंत चौकाजवळ एका बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं शिवतो. नऊएक किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. अठ्ठावीस इंची चाक, पुढं ४४ दाते, मागं १८. पायडलचा एक फेरा पुरा झाला की सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढं जाते. म्हणजे दुकानापर्यंत सतराशेच्या आसपास फेरे. मोजत कुणी बसत नाही, पण गुडघ्यांकडं त्याचा हिशेब असतो.

(दृश्य : कर्वे रस्ता. मृत्युंजयेश्वर मंदिराजवळचा उतार.)

सकाळी कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत उतारच उतार. मोटारीतल्या माणसाला विचारा, तो म्हणेल रस्ता सपाट आहे. सकाळी मी पूर्वेला जातो, ऊन डोळ्यांत. संध्याकाळी पश्चिमेला परततो, पुन्हा डोळ्यांत. आषाढात वाराही पश्चिमेकडूनच येतो, तेव्हा घरी येताना चढ, वारा आणि पाऊस तिन्ही समोरून. त्या दिवसांत हँडलवर मान खाली घालून फक्त पुढच्या चाकाकडं बघायचं. नळ स्टॉप कधी गेला, कळत नाही.

रस्ता ऐसपैस दिसतो. सायकलवाल्याच्या वाट्याला येते ती डावी कड, दीड-दोन फुटांची. सगळ्या रस्त्याची वाळू, काचा, खिळे तिथंच येऊन साठतात. दरवर्षी डांबराचा थर चढतो आणि चेंबरची झाकणं खाली राहतात, वीतभर खोल. पावसात लोखंडी झाकणावर ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही, सरळ जायचं. उभ्या मोटारीजवळून जाताना आधी आरशात बघायचं, आत माणूस दिसतोय का. दिसला, तर दार उघडणार असं धरूनच चालायचं.

एका भाद्रपदात पावसाच्या पाण्याच्या जाळीत माझं पुढचं चाक अडकलं. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनं होत्या, आडव्या असत्या तर चाक वरून निघून गेलं असतं. मनगट दुखावलं. तीन आठवडे हातात सुई धरता आली नाही, आणि आमच्याकडं काम नाही तर पैसे नाहीत. एका रिक्षावाल्यानं मला उठवलं, सायकल रिक्षात घातली आणि घरापर्यंत आणून सोडलं. जाळी पुढं वर्षभर तशीच होती.

(दृश्य : जुना पत्र्याचा डबा. त्यात एक बिल्ला.)

हा वडिलांच्या सायकलीचा महापालिकेचा बिल्ला. त्या काळी सायकलीला कर होता. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखाना १८६९चा. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, आणि सगळा रस्ता त्यांचा असायचा, कड नव्हे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही. पुढं १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर आली. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले, पण थांबले. वडिलांनी नंबर लावला नाही.

२०१७च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली आल्या, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. पुढं वर्षभर पिवळ्या, नारिंगी, हिरव्या सायकली गावभर दिसायच्या. मला मनापासून आनंद झाला होता. कडेला सोबत वाढली होती. थोड्याच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या.

आता सकाळी साडेसहाला कडेला कोण असतं, बघा. पेपरची पोरं. कॅरियरला डबा बांधून रात्रपाळीहून परतणारे वॉचमन. धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या मावशी, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. रविवारी हेल्मेट घालून निघणारी मंडळी मला आवडतात, त्यांचं भलं होवो. पण रोज सायकल चालवणारा माणूस कुठल्या फोटोत नसतो. त्याचं मागणंही फार नाही. झाकण रस्त्याच्या पातळीला हवं आणि जाळी आडवी बसवायला हवी.

(दृश्य : पंक्चरचं दुकान. घमेल्यात पाणी.)

वाटेवरच्या पाच दुकानांपैकी आता एकातच सायकलचं काम होतं. बाकीच्यांकडं वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची रबरी नळीसुद्धा मिळत नाही. हा पोरगा पंचविशीतला. फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवतो, इंचाइंचानं फिरवतो. बुडबुडा आला की बोट ठेवून बाहेर काढतो, पुसतो, कानशीनं घासतो, सोल्युशन लावतो. आणि मग थांबतो. सोल्युशन सुकल्याशिवाय ठिगळ लावत नाही. आमच्या खळीचंही तसंच, घाई केली की पान सुटतं. तोवर तो टायरच्या आतून अंगठा फिरवतो आणि दाढीच्या केसाएवढी तार चिमटीत धरून दाखवतो.

“काका, ही राहिली असती तर उद्या परत आला असता.”

हवेचे तो पैसे घेत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. लक्ष्मी रस्ता, लकडी पूल, मग चढ.)

घरी येताना कर्वेनगरात रोज एक वॉचमन समोरून येतो, रात्रपाळीला निघालेला. नाव मला माहीत नाही. तो एकदा घंटी वाजवतो, मी एकदा वाजवतो. सहा वर्षं झाली असतील.

परवा पाऊस होता. त्यानं घंटी वाजवली नाही. पाय टेकवून थांबला आणि ओरडला, “दादा, पुढं झाकण निघालंय! पाण्यात दिसत नाही!”

मी हात वर केला आणि कड सोडून सायकल चांगली चार फूट आत घेतली. मागून हॉर्न वाजायला लागले. झाकणाची जागा मागं पडेपर्यंत मी आतच राहिलो.