शाई घोटताना

श्रोतेहो, नमस्कार.

परवा तबला घेऊन नागपुरातल्या महाल भागात गेलो होतो. शाई, म्हणजे पुडीवरचा तो काळा गोल, उखडली होती. तिथल्या एका बोळात बसणारे कारागीर लोखंडाचा कीस आणि खळ यांचा काळा लगदा बोटानं थोडाथोडा लावत, जरा सुकू देत आणि गुळगुळीत दगडानं घोटत. थरावर थर. किती थर देता, मी विचारलं. म्हणाले, "मोजत नाही सर. कानाले पटलं का थांबाचं."

या थरांमागचं गणित सर चंद्रशेखर रामन यांनी मांडलं. रामन १९१० साली सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपुरात होते. आपण नागपूरकर हे जरा जास्तच सांगतो, कारण तबल्याचं काम पुढचं, कलकत्त्याचं, १९२० च्या सुमाराचं. साध्या ढोलाच्या कातड्यावर थाप पडली की मूळ कंपनासोबत १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटींची कंपनं उठतात. आवाज होतो, सूर लागत नाही. मधोमध शाईचं वजन आलं की तीच कंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट अशी शिस्तीत येतात, जवळपास तारेसारखी. म्हणून तबला षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये, लावता येतो, ढोल नाही.

हे वाचलं तेव्हा वाटलं, तबला कळला! मग एकदा एका मैफलीवर लिहायला बसलो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, सोळा मात्रांचा तीनताल चालला होता. तबलजीनं चौदाव्या मात्रेला हात उचलला आणि समेपर्यंत, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, काहीच वाजवलं नाही. लोक श्वास धरून बसले. ते लिहिताना आधी 'अप्रतिम' लिहिलं, खोडलं. 'अंगावर काटा' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी कागदावर उरली नुसती मात्रांची मोजदाद. जिथे काही वाजलंच नाही, तिथे पटी तरी कशाच्या काढणार?

तबलजी मंडळी या भानगडीत पडत नाहीत. कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एक बांधीव रचना, कसा आहे विचारा, ते वर्णन करत नाहीत, म्हणून दाखवतात: धा धा तिट धा धा तिन्ना. मी म्हटलं की ते पाढ्यासारखं वाटतं, तो भाग वेगळा.

तर, शाई झाली. कारागिरांनी बोटानं एक 'ना' हा बोल काढला. मी विचारलं, आधीपेक्षा काय बदललं?

त्यांनी पुन्हा 'ना' वाजवला.