बगाड ते दिवाळी

[दृश्य : एडिसन, न्यू जर्सी. ऑक्टोबर २०२४. स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर जुनी कालनिर्णयं, दोन पासपोर्ट, चष्म्याचं घर.]

एरवी या टेबलावर पोळपाट असतो, नाहीतर मुलांचा गृहपाठ. आज कालनिर्णयं आहेत. २०१९ पासूनची, सहा वर्षांची. रद्दीत एकही गेलेलं नाही.

समोर बसल्यात त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते, मैत्रिणींशी बोलताना 'अहो आई'. वय ७१. गाव वाईजवळचं. लग्नाआधी चार वर्षं शाळेत शिकवत होत्या, इतिहास आणि नागरिकशास्त्र. २००९ मध्ये मुलाने अर्ज केला, ग्रीन कार्ड मिळालं आणि त्या इथे आल्या. आज त्या अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज भरतायत. त्या अर्जाचं नाव एन-४००. ऑनलाइन भरला तर फी ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. आईंनी ५० डॉलर वाचवले आणि लगेच त्याचे रुपये करून पाहिले.

अर्जातला एक तक्ता मात्र सोपा नाही. गेल्या पाच वर्षांत २४ तासांपेक्षा जास्त वेळ देशाबाहेर गेला असाल, तर प्रत्येक वेळची जायची आणि यायची तारीख लिहा.

अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मुंबईचा शिक्का बसतो, पण तो पुसट. म्हणून ही कालनिर्णयं. तारखेच्या चौकोनात आईंच्या बारीक अक्षरात सगळं सापडतं. 'गॅस लावला.' 'दूध २ ली. जास्त.' 'सुमनकडे बारसं.' आणि मध्येच, अधोरेखित केलेलं : 'विमान'.

[दृश्य : मार्च २०२३ चं पान. ८ तारखेवर बोट.]

८ मार्च २०२३, विमान. परत, १ सप्टेंबर. मी मोबाइलवर मोजते, आई बोटांच्या पेरांवर. दोघींचंही १७७ येतं.

या १७७ मध्ये सगळी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते.

वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड असतं, नवसाच्या गाड्याची जत्रा, रंगपंचमीला. आईंचं माहेर त्या बाजूचं. बगाड बघायचं, पुढे गणपती-गौरीला घरात हजर राहायचं, एवढंच त्यांचं मागणं. एरवी हे साडेपाच महिन्यांत बसतं. २०२३ साली श्रावण अधिक आला. रंगपंचमी १२ मार्चला आणि गणेश चतुर्थी थेट १९ सप्टेंबरला. मधले दिवस १९१.

ग्रीन कार्डवाल्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं, की त्याचं सलग वास्तव्य तुटलं असं धरून चालतात. तसं नाही, हे पटवून देणं मग आपल्याकडे लागतं. वर्षभर बाहेर राहिलं तर तुटलंच. शिवाय अर्जाआधीच्या पाच वर्षांत निदान ३० महिने इथल्या जमिनीवर काढलेले हवेत. हे सगळं आईंना पाठ होतं. गौरी यायच्या होत्या, जाऊबाई मखराचे कागद कापत होत्या, आणि आई मुंबईच्या विमानतळावर बॅगेचं वजन करत होत्या.

नागरिकत्व कशाला घेताय, असं फोनवर दिराने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "गावी राहता यावं म्हणून."

दीर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. पण हिशेब सरळ आहे. ग्रीन कार्ड म्हणजे इथे राहण्याची परवानगी, आणि ती टिकवायची तर इथे राहावं लागतं. नागरिकाला कुणी दिवस विचारत नाही. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढलं की आठ महिने गावी राहा, नाहीतर दोन वर्षं राहा. ग्रीन कार्ड परत करून कायमचं गावी जाता आलं असतं, पण मग नातवंडांना भेटायला व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. दोन्ही घरं हवी असतील तर वाट ही अशी उलटी जाते.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. आईंचा चेहरा पडद्याच्या उजेडात.]

अर्ज पुढे सरकतो. जन्मापासून वापरलेली इतर सगळी नावं लिहा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून नाव बदललेल्या बाईला हा प्रश्न सरळ नाही. आईंनी माहेरचं पूर्ण नाव मला स्पेलिंगसह सांगितलं. या घरात येऊन मला १८ वर्षं झाली, ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. खाली आणखी एक विचारणा : कायदेशीर नाव बदलायचं आहे का? "एकदा बदललं तेवढं पुरे," आई म्हणाल्या.

मग प्रश्नांची सरबत्ती. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होतात का? वंशसंहारात भाग घेतलात का? कधी कुणाचा छळ केलात का?

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही'वर टिचकी मारली.

अमेरिकेच्या नागरिकत्वाचे प्रश्न आज असे सगळ्यांना सारखे आहेत. तसे ते नव्हते. १७९० च्या कायद्यात हे नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'साठी होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय माणूस यात कुठे बसतो, यावर कोर्टात वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की भारतीय 'गोरे' नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते.

त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. अशांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपले कान टवकारतात, जन्म अहमदाबादचा. १९१४ मध्ये नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे, थिंड यांच्या बाजूनेही उभे राहिलेले. आपल्यावर वेळ आली तेव्हा त्यांनी गोरेपणाचा वाद बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं असं : तुम्ही दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी भारतातल्या वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क सोडला, इथे घर केलं, व्यवसाय केला, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. भारतीयांना सरळ नागरिक होण्याची वाट १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने मोकळी झाली. नव्याने येणाऱ्यांचा कोटा वर्षाला १००.

वडिलोपार्जित मिळकत म्हटल्यावर आईंनी मान वर केली. "सातबाऱ्यावरचं नाव राहतं ना माझं?"

राहतं. सासऱ्यांमागे वारसाने आलेली जमीन तशीच ठेवता येते. नवी शेती मात्र गुंठाभरही विकत घेता येत नाही. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. ओसीआयमध्ये 'सिटिझन' हा शब्द आहे खरा, पण ते नागरिकत्व नाही, आयुष्यभराचा व्हिसा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं : स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं त्याच क्षणी संपलं. त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही.

[दृश्य : हिवाळा. फ्रीजवर चुंबकाने लावलेली प्रश्नांची यादी, मराठीत, हाताने लिहिलेली.]

बोटांचे ठसे द्यायला गेलो तेव्हा आईंचे ठसे पटकन उमटेनात. पन्नास वर्षं भाकरी थापलेली बोटं. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने ती पुसली, पुन्हा टेकवली, तिसऱ्यांदा जमलं.

नागरिकशास्त्राची परीक्षा आई मराठीतून देणार होत्या. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्ड घेऊन १५ वर्षं झालेली असतील तर इंग्रजीची अट माफ होते. प्रश्न आपल्या भाषेत, दुभाषा आपला आपण न्यायचा. घरचं माणूस शक्यतो टाळतात, म्हणून मंडळातल्या एक काकू तयार झाल्या. प्रश्न १०० पाठ करायचे, त्यातले फार तर १० विचारणार, सहा बरोबर आले की पास. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही परीक्षा बदलली : १२८ प्रश्न, विचारणार २०, बरोबर हवेत १२. आईंचा अर्ज त्याआधीचा.

पण पाठांतर काय, ते बाईंना नव्याने शिकवायला नको. भाजी निवडताना चालायचं.

"घटनादुरुस्त्या किती?" नातू विचारायचा.

"२७. एवढ्या वर्षांत एवढ्याच? आपल्याकडे १०६ झाल्या."

"झेंड्यावर १३ पट्टे का?"

"१३ वसाहती होत्या म्हणून."

"सुझन बी. अँथनी कोण?"

"बायकांच्या हक्कांसाठी लढली ती. सावित्रीबाईंसारखी." मग थोडं थांबून, "सावित्रीबाई नको सांगायला. आधीचं तेवढं पुरे."

[दृश्य : न्यूअर्क. मे २०२५. पार्किंगमधली गाडी. वायपरवर पडलेली फुलं.]

आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून तुम्हाला हे पार्किंग बघावं लागतंय. आतलं मला काकूंनी सांगितलं. आईंनी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतली. काकूंनीही घेतली, नीट भाषांतर करण्याची. मग अधिकाऱ्याने तक्त्यावर बोट ठेवलं. २०२३ मध्ये एवढे दिवस भारतात का होतात?

आईंनी बगाड सांगितलं. काकूंना बगाडाला इंग्रजी शब्द सापडेना. उंच लाकडी गाडा, त्याला बैलांच्या जोड्या, वर नवसाचा माणूस, शेतातून ओढत गावात आणतात. अधिकारी ऐकत राहिला. मग अधिक महिन्यावर आल्या. तेव्हा त्याने हात वर केला, हसला आणि पुढच्या प्रश्नावर गेला.

परीक्षा दोन मिनिटांत आटोपली. पहिली सहाही उत्तरं बरोबर आली आणि त्याने यादी मिटली. बाहेर आल्यावर आई गाडीत बसल्या त्या फुरंगटूनच. "उरलेले चार विचारलेच नाहीत!"

[दृश्य : जून. शपथविधीनंतरची छायाचित्रं. हातात छोटा झेंडा.]

शपथविधीला आई इरकल नेसल्या. दारातच ग्रीन कार्ड काढून घेतलं. पंधरा वर्षं जे पाकिटात, पाकीट पर्समध्ये आणि पर्स खांद्यावरून आडवी लावून जपलं, ते एका ट्रेमध्ये बाकीच्यांच्या कार्डांवर पडलं.

शपथेत म्हणायचं असतं की कुठल्याही परकीय राजाशी, सत्तेशी, राज्याशी असलेली निष्ठा मी पूर्णपणे सोडते. साताऱ्याकडच्या माणसाला 'राजा' म्हटलं की एकच राजा आठवतो. काकूंनी आदल्या आठवड्यात मराठी अर्थ लिहून दिला होता, तेव्हा आई त्या ओळीवर बराच वेळ थांबल्या होत्या. कायद्याने सांगितल्यास शस्त्र उचलीन, या ओळीवर नाही थांबल्या. सभागृहात त्यांचे ओठ हलत होते एवढं मी पाहिलं. कुठली ओळ म्हटली आणि कुठली गाळली, ते मी विचारलं नाही.

भारताचा पासपोर्ट जमा केला. रद्दचा शिक्का मारून तो परत आला, तो आता कालनिर्णयांच्या गठ्ठ्यात असतो. ओसीआय आलं. ४ नोव्हेंबर २०२५ ला आईंनी न्यू जर्सीच्या गव्हर्नरसाठी मत दिलं. सोळा वर्षांत दोन्ही देशांत मिळून त्यांचं हे पहिलं मत. कुणाला दिलं ते घरात कुणालाही माहीत नाही.

[दृश्य : जानेवारी २०२६. तेच टेबल. नवं कालनिर्णय.]

यंदा रंगपंचमी ८ मार्चला आहे. आईंनी पानं उलटली. मे-जूनमध्ये ज्येष्ठ अधिक. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला.

"मिलिटरीसारखी मोजणी बंद," असं म्हणून त्या माझ्याशेजारी बसल्या. मी तिकीट बघत होते. एकेरी तिकीट परतीच्या तिकिटापेक्षा महाग निघालं. असं होतं कधी कधी. परतीची तारीख काहीतरी टाकू, नंतर बदलता येते, असं मी म्हटलं. किती पैसे वाचतात ते आईंनी विचारलं, आणि मग चालेल म्हणाल्या.

परतीची तारीख मी टाकली १५ नोव्हेंबर. आईंनी पेन घेतलं. मार्चच्या पानावर, ४ तारखेच्या चौकोनात, 'विमान' लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि कालनिर्णय खिळ्याला लावायला उठल्या.

"आई, नोव्हेंबरचं?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिकडं गेल्यावर बघू."